उघड्या दारांचा मजला

आमच्या सासूबाई ब्लाउज शिवतात आणि भांडतातही तितक्याच सफाईनं. जुन्या इमारतीत त्यांचं मशीन गॅलरीतच असायचं, सगळ्यांच्या दारांसमोर. तिथला शिरस्ता एकच, दिवसा दार उघडं. बंद दिसलं की घरात कुणीतरी आजारी, मग चौकशीला माणसं हजर.

ती इमारत पाडून टॉवर उभा राहिला. आम्हा जुन्या लोकांना सहावा मजला मिळाला. दारं अशी, की हात सोडला की आपोआप बंद. पहिल्याच सकाळी जो तो बाहेर आला, बंद दारं बघून घाबरला आणि शेजारच्यांची बेल दाबत सुटला. "काय झालं हो? बरं नाही का?" हसून हसून पोट दुखलं आमचं. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. शेजारचे खुर्च्या विणणारे काका एकटे, त्यात डोळ्यांनी अधू. त्यांना काही झालं तर कळायचं कसं? सासूबाईंनी मजल्यावरच्या प्रत्येकाला दार उघडं राहावं म्हणून वीट लावायला लावली.

इमारतीचा मॅनेजर यायचा आणि विटा उचलायचा. "दारं बंदच हवीत. नियम म्हणजे नियम!"

"नियम तुझ्या घरी!" सासूबाई म्हणायच्या, की वीट पुन्हा जागेवर.

मी म्हटलं, "आई, कशाला उगाच वाकड्यात शिरता?"

"तू गप्प बस गं. भाजी करपतेय, ती बघ."

एका दुपारी काकांचं दार बंद दिसलं. सासूबाई धावल्या. लिफ्टपाशी मॅनेजर हसला, "अहो, मघाशी मीच वीट काढली."

"मघाशी ना? मग त्यांनी परत उघडलं का नाही?"

सासूबाईंनी काकांनी आमच्याकडे ठेवलेली जादा किल्ली लावली. काका बाथरूममध्ये पडलेले, हाक मारायचंही त्राण नव्हतं. मॅनेजर पांढराफटक पडला, पण गाडी त्यानंच धावत जाऊन आणली.

काका वाचले. आता पुन्हा खुर्च्या विणतात आणि सासूबाईंशी वादही घालतात. मला तर काय अभिमान वाटतो या बाईचा! तोंडावर नाही सांगणार, डोक्यावर बसतील.

परवा मॅनेजर दारात उभा. मी पदर खोचला, म्हटलं आज याची बिनपाण्यानं हजामत करतेच. तर हा मान खाली घालून म्हणतो, "आजी, तुमच्या मजल्यावर एखादी खोली भाड्यानं मिळेल का? माझी आई दिवसभर एकटी असते."

सासूबाईंनी मशीन थांबवलं.

"खोली कशाला रे? सकाळी आणून सोड, संध्याकाळी घेऊन जा. बटणं लावता येतात ना तिला?"