अर्धी सीट

लग्न होऊन मी आरोंद्याहून तोंडवलीला आले, नव्याण्णव साली. घरात आठ माणसं आणि खोल्या दोन. बायका आत, पुरुष पडवीत. नवरा माझाच, पण त्याच्याशी चार शब्द बोलायचे तर आधी चहूकडे बघावं लागायचं. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी म्हणतात, तसली गत. दिवसभरात आमचं बोलणं म्हणजे ‘पाणी दी’ आणि ‘जेवण झाला?’

एकांत म्हणून जो काही होता तो नवऱ्याच्या पिकअपमध्ये, आणि तोही सासूच्या शेजारी बसून.

सासू मासे विकायची. सकाळी आम्ही तिघं कणकवलीच्या बाजाराला निघायचो. मागे बर्फातल्या मासळीचे क्रेट, पुढे एकच लांब सीट. उजवीकडे गाडी चालवणारा नवरा, डावीकडे खिडकीशी सासू, मधे मी. गाडी आमच्याकडे यायच्या आधी दोघातिघांनी वापरलेली. चालवणाऱ्याच्या बाजूला सीट इतकी खचली होती की सगळीच त्या अंगाला उतरती झाली होती. मी कितीही ताठ बसले तरी आचरा यायच्या आत नवऱ्याला जाऊन टेकायचीच. डावं वळण आलं की मग तर पुरतीच. त्या रस्त्यावरची डावी वळणं मला तोंडपाठ होती. मी ‘अगो बाय’ म्हणत सावरल्यासारखं करायची, आणि नवरा रस्त्याकडे बघत मिशीत हसायचा. बोलायचो काहीच नाही. खांद्याला खांदा लागलेला असायचा, तेवढ्यावर माझा उरलेला दिवस निघायचा.

या घसरण्यात माझ्या हिरव्या चुड्यातली एखादी बांगडी गियरवर आपटून वाढायची. सासूने विचारलं की सांगायची, विहिरीवर कळशी लागली.

सासू मात्र घसरू नये म्हणून सगळी वाट दाराची दांडी धरून बसायची. हळूहळू तिची कंबर धरली. बाजारातून आली की भिंतीला टेकून कण्हायची. एके दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, “झिला, ही सीट करून घी. नायतर माका बाजार सोडूचो लागतलो.”

बाजार म्हणजे तिचा जीव होता. तिथे ती कुणाला ऐकत नसे आणि गिऱ्हाईक तिच्याशी घासाघीस करायला टरकत. तो सुटला असता तर ती वर्षभरात म्हातारी झाली असती. मला हे सगळं कळत होतं. पण सीट सरळ झाली की माझं सगळंच संपणार होतं, आणि नको म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने?

सासरे मालवाहू बोटींवर खलाशी होते, तेव्हा नुकतेच कायमचे घरी आले होते. दोरकामात त्यांचा हात बसलेला. गॅरेज नको, मीच करतो म्हणाले, आणि रविवारी सीट सोडवून घरापुढच्या खळ्यात मांडली. स्प्रिंगांच्या खालून नायलॉनची दोरी खाटेसारखी विणायची, वर नवा काथ्या भरायचा, असा त्यांचा बेत. दोरी ताणून धरायला त्यांनी मला बसवलं. म्हणजे माझं सुख मीच आवळायचं!

आधी त्यांनी रेक्झिन उसवून जुना, कुजलेला काथ्या काढला आणि सीट उपडी करून झटकली. वाळू पडली, मासळीची खवलं पडली, आणि चालवणाऱ्याच्या बाजूच्या खड्ड्यातून हिरव्या काचा पडल्या. बऱ्याच पडल्या. सासू तिथेच मासे साफ करत होती. तिने काचांकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. मी मान खाली घातली. आता सगळ्यांसमोर माझी अब्रू जाणार असं वाटलं. ती उठली, केरसुणीने काचा सुपलीत भरल्या आणि माडाच्या मुळाशी टाकून आली.

सासऱ्यांनी सासूच्या बाजूने विणायला घेतलं. दोरी ओढून धरताना माझे तळवे सोलवटले. वीण सीटच्या मध्यावर आली तेव्हा सासू म्हणाली, “पुरे. हंयसर थांबवा.”

“अर्धीच?” सासरे म्हणाले. “लोक हसतले.”

“हसांदेत. झिलाचो पाय त्या उंचयेक बसलो आसा. सीट वर इली तर तेका ब्रेक गावाचो नाय. थंयसर नुसतो काथ्यो भरा.”

सासऱ्यांनी खांदे उडवले आणि गाठ मारली. दुसऱ्या दिवशी सासू दांडी न धरता ताठ बसली. आचऱ्याच्या अलीकडे डावं वळण आलं. मी घसरले. ती खिडकीबाहेर बघत होती, आणि कणकवली येईपर्यंत तिने मान वळवली नाही.

काही वर्षांनी ती पिकअप भंगारात गेली. तोवर आम्हाला वेगळी खोली झाली होती, मुलगी शाळेत जायला लागली होती. गाडी नेली त्या संध्याकाळी मी चुलीवर चहा ठेवला होता. सासू शेजारी बसली होती. इतक्या वर्षांनी मला धीर झाला. विचारलं, “आई, तेव्हा सीट अर्धीच कित्याक ठेवलात?”

ती हसली नाही. म्हणाली, “तुझो सासरो म्हयनोंम्हयने बोटीर. घराक इलो तरी घर भरान माणसां. मगे पोरां झाली, मगे परत बोटीर. आमका खंयची सीट गो?”

बाहेर खळ्यात सासरे एकटेच दोर वळत बसले होते. मी चहा दोन कपांत ओतला आणि दोन्ही कप तिच्यापुढे धरले.

“तुमीच घेवन जावा,” मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं, पदर सारखा केला आणि कप घेऊन गेली. मी मुलीला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.