चढाला गाडी टकटक वाजत होती

अक्कानो, आज लई भ्याले. सकाळी बाळाचं अंग तापलं म्हणून आमच्या दिग्गी गावावरनं जोयड्याच्या दवाखान्याला निघालो. चढाला ह्यांनी रेस दिली की इंजनातनं टकटक वाजायचं. सपाटीला गप. बाळ मांडीवर भाजतंय, आन गाडी बंद पडली तर जंगलात हाक तरी कुणाला मारायची?

कशीबशी पोचलो. बाळाला औषध दिलं, ताप उतरला. मग गॅरेजला गेलो.

मेस्त्रीनं टाकीचं झाकण काढून वास घेतला. "अण्णा, पेट्रोलात रॉकेल हाय. त्यानंच चढाला ठोकतंय." टाकीतलं सगळं उपसून नवीन पेट्रोल घातलं. टकटक गेली.

हे भडकले. "गावात पंप न्हाई म्हणून बाटलीतनं पेट्रोल विकतोय ना तो दुकानदार, त्यानंच मिसळलंय. उद्या सगळ्यांसमोर विचारतो त्याला."

मेस्त्री हसला. "विचारा की. मग पुढच्या येळंला पेट्रोल कोण देणार तुम्हास्नी?"

पर त्या बाटल्या काल मीच घरातल्या कॅनात ओतल्या, आन सकाळी ह्यांनी त्यातनंच टाकी भरली. कॅनाच्या तळाला लिटरभर रॉकेल होतं, ते दिसलं बी होतं. बाळ कडेवर रडत होतं. थोडंच हाय, काय हुतंय, म्हणलं.

दुकानदाराचा काय बी दोष न्हाई. आन माझं बाळ माझ्याच हातानं वाटेत अडकलं असतं, हे तोंडातनं निघत न्हाई. उद्या हे दुकानाकडं जायच्या आधी सांगायलाच पायजे. सुरवात कशी करू, कोण सांगतासा काय?