आईची उमेळ्याची फेरी आणि क्लचची वायर

आमच्या घरात दोर ढिला राहिलेला बाबांना खपत नसे. होडीचा असो, जाळ्याचा असो की अंगणात मासळी सुकवायला बांधलेला असो, लोंबला की बाबा हातातलं काम टाकून उठत. कोळ्याच्या घरात हे शोभूनच दिसतं. पण माझ्या फटफटीची क्लचची वायर बदलली, तेव्हा हाच बाणा आमच्या मुळावर आला.

दुसरी मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. लष्कराने टाकलेल्या गाड्या भंगारात निघत, त्यातली एक फटफट मी साइडकारसकट आमच्या पाचूबंदरात आणली. गावाने पोटभर हसून घेतलं. हसू दे म्हटलं. मला ती आईसाठी हवी होती. आई मासळीची टोपली डोक्यावर घेऊन उमेळ्यापर्यंत चालत जाई, वाडीवाडीत दारोदार विकून चालत परत येई. तिचे गुडघे सुजले होते. संध्याकाळी ती त्यांना तेल चोळी आणि आपल्याला काही झालंच नाही असं तोंड करी. त्या तोंडाचा मला भयंकर राग येई.

शेवटी नाना मिनतवाऱ्या करून ती बसायला तयार झाली, तीही अट घालून.

"एकदा जरी वाटंत बंद पडली, तर मी आपली चालत जाईन. मंग मना परत बोलवाचा नाय."

आई एकदा बोलली की बोलली. त्यामुळे रोज गाडी सुरू करण्याआधी मी देवाचं नाव घेई.

ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता. घरोघरी मटण बंद, म्हणून मासळीला मागणी आणि टोपली नेहमीपेक्षा जड. अशात एका दुपारी परत येताना, अगदी आमच्या अंगणात शिरता शिरता, क्लचची वायर तुटली. हँडलवरची मूठ दाबली की ही वायर ओढली जाते आणि इंजिनाचा चाकाशी संबंध सुटतो. मूठ सोडली की पुन्हा जुळतो. ती तुटली म्हणजे गाडी संपलीच. "दारात बंद पडली, वाटंत नाय," असा निवाडा आईने दिला, आणि मी लगेच कामाला लागलो.

स्टेशनाजवळच्या लॉरीदुरुस्तीवाल्याकडे एक वायर मिळाली, ती भलत्याच गाडीची, हातभर जास्तच लांब. बाबा म्हणाले, गाठ मार. गाठ कुठली मारतोय! मी ती मापाने कापली, टोकाला कथलाचा डाख देऊन अडकवायची गोळी बसवली, नळीत तेल सोडलं, वायर ओवली आणि ताण द्यायचा स्क्रू फिरवू लागलो. बाबा शेजारी उभे होतेच.

"अजून तान. लोंबतंय ते."

मी ताणली. त्यांनी बोटाने छेडून पाहिली, मान हलवली. माझ्या फटफटीतली एखादी गोष्ट बाबांना पसंत पडण्याची ती पहिलीच वेळ. मी फुगलो. रिकामी गाडी अंगणात फिरवून पाहिली, झकास चालली.

दुसऱ्या दिवशी आई आणि भरलेली टोपली घेऊन निघालो. वाटेतल्या होळी गावच्या भाजीच्या मळ्यांपर्यंत सगळं ठीक होतं. उमेळ्याच्या अलीकडे ओढ्यावरच्या एका मोरीचा लहानसा चढ आहे, तिथे इंजिन बोंबलायला लागलं आणि चाक काही पुढे जाईना. जळका वास सुटला. गाडी थांबली.

आई उतरली. "टोपली उचलून दे."

"आय, जरा थांब."

"मासली थांबंत नाय."

जिच्या डोक्यावरून टोपली उतरवायला ही गाडी आणली, तिच्या डोक्यावर ती मी माझ्याच हातांनी चढवली. ती लंगडत चालू लागली. मी गाडीला शिव्या घातल्या, बाबांना मनातल्या मनात घातल्या, आणि किक मारली. किक भसकन खाली गेली, पायाला जोरच लागेना. मूठ दाबून किक मारली की असंच होतं. पण मूठ तर मी दाबलीच नव्हती! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वायर इतकी ताणली होती की मूठ सोडूनही क्लच अर्धवट दाबलेलाच राहत होता. इंजिनाने ओढायचं आणि क्लचने सोडून द्यायचं, असा खेळ चालला होता.

स्क्रू उलटा फिरवला. मूठ जराशी हलावी आणि मगच वायरने ओढ घ्यावी, इतकी ढील ठेवली. किक मारली, अजून भसकन. आतल्या तबकड्या तापल्या होत्या. त्या निवेपर्यंत हात चोळत बसण्यावाचून इलाज नव्हता, आणि आई रस्त्यावर लहान लहान होत चालली होती. काही झालं तरी आज तिला गाठायचंच, असं म्हणत मी बसून राहिलो. शेवटी किकने पायाला उलटा जोर दिला. इंजिन धडधडलं, गाडीने मोरी ओलांडली.

मी तिला गाठलं. ती थांबेना. मी पुढे जाऊन गाडी रस्त्यात आडवीच घातली.

"बस."

"मी काय बोल्ले होते?"

"बोललीस. उद्या परत बंद पडली तर उद्या परत दुरुस्त करीन. बस."

"लय हट्टी हायेस."

"तुझाच हाय."

तिने टोपलीला दोन्ही हात लावले. मग म्हणाली, "उतरव."

मी टोपली उतरवून साइडकारमध्ये ठेवली. आई बसली. एरवी बसल्यावरही ती डोक्यावरची, टोपलीखालची कापडाची चुंबळ तशीच ठेवी, कधी चालायला लागेल याचा नेम नाही म्हणून. आज तिने ती काढून मांडीवर ठेवली. साइडकार खाली, माझी सीट वर. इतक्या वर्षांत आईच्या डोक्याकडे मी वरून कधी पाहिलंच नव्हतं. मधोमध तळहाताएवढी जागा पार गुळगुळीत होती. केसाचं नाव नाही, कातडी टाचेसारखी जाड.

मला रडू फुटलं. ती पुढे बघत होती, म्हणून बरं. मी मूठ दाबली, गियर टाकला आणि तिला हिसका बसू नये म्हणून इतकी हळू सोडली, की गाडी निघाल्याचं तिला कळलंसुद्धा नाही.