रहेमतुल्लाभाईचा नक्षत्रांचा डब्बा

लोकं म्हनतात, कौशल्याबाईनं एकटीनं दुकान चालवून दाखवलं. खोटं नाही, पन अर्धंच खरं हाये. उरलेलं अर्धं चालवलं एका पत्र्याच्या डब्ब्यानं. अन् तो डब्बा करनारा रहेमतुल्लाभाई यंदाच्या वैशाखात गेला. त्याचं नाव काही पेपरात येनार नाही, कोनी त्याच्यासाठी सभा घेनार नाही. म्हून मी, कौशल्याबाईच, सांगते. मधात बोलू नका, मले राग येते.

चिखलीत आमचं दुकान. पाटीवर अर्जुनरावांचं नाव हाये, म्हनजे आमच्या घरच्यांचं, माझ्या मालकाचं. पाठीवर घ्याचे फवारनीचे पितळी पंप, त्याच्या नळ्या, पऱ्हाटीवरच्या, म्हनजे कपाशीवरच्या अळीचं औषध, असा माल. आता हा पंप मोठा नखऱ्याचा. पावसाळ्यात दोन महिने काम, बाकीचे दहा महिने गोठ्यात खुंटीले टांगलेला. त्याच्या आतलं चामड्याचं वायसर सुकते, तडकते. अळी आली का मानूस धावत पंप काढते, तं तो हवाच धरत नाही. तवा मंग सारा तालुका एकाच दिवशी दुकानावर, अन् अर्धं पीक अळीच्या पोटात.

आमच्या घरचे हे होऊ देत नसत. गावोगावच्या बाजारात जायचे, ज्याचा त्याचा पंप आठवायचे, अन् अळी याच्या आधीच सांगायचे का बुवा, तुझं चामडं तीन वर्सांचं झालं, घेऊन ये. कोनी कवा काय घेतलं, कोनाले कवा काय लागन, सारं डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. त्रेसष्टच्या कार्तिकात त्याह्यले ताप आला अन् चवथ्या दिवशी ते डोकंच गेलं. मांगं दोन पोरी, मी, अन् माझी चवथीपर्यंतची शाळा.

कंपनीचं पत्र आलं. आषाढात आमचा मानूस पाहाले येईन, दुकान पहिल्यासारकं चालून राह्यलं असन तं एजन्सी तुमच्याकडं राहीन, नाही तं दुसऱ्याले देऊ. भाषा मोठी गोड होती. मतलब एवढाच का बाईच्या जातीले हे जमनार नाही. शेत नव्हतं, माहेरी भाऊ नव्हता. एजन्सी गेली तं दोन्ही पोरी घेऊन मी दुसऱ्याच्या वावरात निंदाले गेली असती.

रहेमतुल्लाभाई आमच्या समोरच्या गल्लीत पत्र्याचं काम करे. कंदील, चाळन्या, रॉकेलचे डबे. आमच्या दुकानातल्या पंपाले भोक पडलं का कथलाचा डाग द्याले त्याच्याकडंच जाये. मानूस बारीक, दाढी मेंदीची, बोलनं कमी. एक दिवस पंप द्याले आला अन् मले रडताना पाह्यलं. कोनाले कवा बलवाचं हे मले ठाऊकच नाही, असं मी म्हटलं असन. मले म्हने, जरा माझ्या दुकानापर्यंत चला.

त्याच्या भिंतीले सात मोठे खिळे होते. एकेका खिळ्याले लोकाह्यचे कंदील टांगलेले. ज्या गावचा बाजार ज्या दिवशी, त्या गावचं काम त्या दिवसाच्या खिळ्याले. सकाळी उठाचं, त्या दिवसाचा खिळा रिकामा कराचा, पोतं भराचं अन् त्या बाजाराले निघाचं. कोनाचं काय, हे पाहाची गरज नाही.

"भाभी," तो म्हने, "मले वाचता येत नाही, म्हून मी याद ठेवतच नाही. याद खिळ्यानं ठेवाची. आपुन फक्त हात चालवाचा."

इतकी शहानी गोष्ट मले आजवर कोनी सांगतली नाही. मोठमोठे शिकलेले आले अन् गेले.

रॉकेलचे डबे कापून त्यानं लांब डब्बा केला. आत खन पाडले. शेतकऱ्याले तारीख काय समजते? त्याले नक्षत्र समजते. म्हून रोहिनीपासून स्वातीपर्यंत एकेका नक्षत्राचा एकेक खन. मंग दुपारच्या वेळी तो आमच्या ओट्यावर बसे अन् पंप सांगे, मी लिहून घेई. त्याले मानसं कमी आठवत, पंप जास्त. बुडाले दोन डाग हाये तो उंद्रीच्या कडूबाचा, चामडं दोन वर्सांआधी बदललं. मूठ वाकडी तो अमडापूरचा. असे सव्वाशे पंप त्यानं मले तोंडपाठ सांगतले. दर पंपाचा एक जाड पुठ्ठा केला, अन् सोबत पत्ता घातलेलं, मजकूर लिहिलेलं पोस्टाचं कार्ड. उन्हाळ्यातच सारी कार्डं लिहून ठेवली. नक्षत्र लागलं का त्या खनातली कार्डं उचलाची अन् पेटीत टाकाची. मानूस पंप घेऊन आला का त्याचा पुठ्ठा पुढच्या खनात, जवा त्याले नळी नाही तं औषध लागन तिथं. आला नाही तं पुठ्ठा तिथंच उभा, म्हनजे दुसरं कार्ड धाडाचं. माझ्या डोक्यात काही नाही. डब्बा सांगीन ते कराचं.

आता चूक काय झाली ते सांगते. खन जरासे अरुंद झाले होते. कार्डाचे कोपरे पत्र्यात अडकत, दुमडत. पत्र्याचं काम करनाऱ्याची सवय असते, टोकदार कोपरा दिसला का कापाचा, नाही तं हाताले लागते. यानं कात्री घेतली. मी म्हटलं, थांबा, कोपरा कापलेलं कार्ड मयताचं असते, लोकं घरातबी नेत नाहीत. त्यानं कात्री खाली ठेवली. जरा विचार केला.

"एक कोपरा कापला तं मयत. चारी कापले तं काय म्हनन कोनी?"

मले हसू आलं. काऊन आलं, सांगता येत नाही, पन हिशोब असा पक्का मांडला होता त्यानं, का मी पदर तोंडाले लावून हसली. वाटलं, खरंच तं हाये, चार-चार मयतं एका घरात थोडीच होतात. त्यानं सटासट साऱ्या कार्डाचे चारी कोपरे उडवले अन् मी उडवू देले. कराले गेलो गनपती, अन् झाला मारुती.

रोहिनी, मृग, आर्द्रा पेरनीचे, तवा पंप कोनी काढत नाही, म्हून ते खन रिकामेच होते. मंग पुनर्वसू लागलं. खनात पस्तीस-चाळीस कार्डं होती, ती मी पेटीत टाकली अन् निवांत झोपली.

उंद्रीत पोस्टमन सहदेव कडूबाच्या दारी गेला. त्यानं एकच कोपरा पाह्यला. बाकीचे तीन पाहाची त्याची हिंमत झाली नाही. दुरूनच हाक मारली, कार्ड अंगनातल्या दगडावर ठेवलं अन् तोंड फिरवून उभा राह्यला. आतल्या बायांनी जे रडनं सुरू केलं, ते ऐकून सारी आळी जमली. कोनी कडूबाच्या बहिनीचं नाव घेई, कोनी जावयाचं. चुलीतला जाळ इझवला. मास्तर आले, त्याह्यनं कार्ड उचललं अन् मोठ्यानं वाचलं: पुनर्वसू लागले. आपल्या पंपाचे चामडे सुकले असेल. बाजाराच्या दिवशी पंप घेऊन यावे.

हे एका उंद्रीत नाही, सतरा-अठरा गावांत झालं. मले बातमी लागली. चिखलीच्या बाजाराचा दिवस दोन दिवसांवर, अन् कंपनीच्या मानसाचंबी त्याच दिवशी येनं ठरलेलं. पोरीह्यले मी शेजारी पाठवून देलं. म्हटलं, जे व्हाचं ते माझ्यावर होऊ दे.

बाजाराच्या दिवशी सकाळपासूनच दुकानासमोर गर्दी. फेटे, धोतरं, लाल डोळे. कडूबा सगळ्यात पुढं. माझ्या घरात दिवसभर चूल पेटली नाही, लेकरं उपाशी झोपली, असं तो वरडून सांगून राह्यला होता अन् मांगचे हो ला हो देत होते. तेवढ्यात रहेमतुल्लाभाई आपली शेगडी उचलून गल्लीतून आला अन् गर्दीच्या मधात उभा राह्यला.

"कात्री माझी होती," तो म्हने. "भाभीनं नाही म्हटलं होतं. शिव्या द्याच्या तं मले द्या."

मी म्हटलं नाही, लिहिली मी, टाकली मी. तो म्हने, कापली मी. आमचीच दोघाह्यची जुंपली. लोकं आमच्याकडं पाहात राह्यले, अन् कोनीतरी मांगून हसलं. तवा माझ्या ध्यानात आलं. भांडाले आलेल्या दर मानसाच्या पाठीवर पंप होता. बाजाराले येऊनच राह्यलो तं घेऊन चला, असा विचार साऱ्याह्यनंच केला होता. कडूबानं आपला पंप धाडकन ओट्यावर आदळला अन् म्हने, पाहा बरं, सुकलं का ते चामडं. नसन सुकलं तं मंग तुमची काही खैर नाही. रहेमतुल्लाभाईनं पंप खोलला. चामडं पापडावानी तुटून हातात आलं.

कडूबानं ते तुकडे मांगच्या लोकाह्यले दाखवले. अळी तं आठ-दहा दिवसांवर होती.

मंग रांग लागली. कंपनीचा मानूस दुपारी आला तं त्याले दुकानात शिराले जागा नव्हती. त्यानं इचारलं, इतक्या लोकाह्यले कोनी बलावलं? कडूबा म्हने, मयताच्या डब्ब्यानं. साहेबाले काही समजलं नाही, पन त्यानं डब्बा पाह्यला, खन पाह्यले, पुठ्ठे वाचले, अन् जाताना पहिल्यांदा मले बाई न म्हनता कौशल्याबाई म्हटलं. एजन्सी राह्यली. गावात अजूनबी त्याले मयताचा डब्बाच म्हनतात. म्हनू द्या. त्या साली आमच्या गिऱ्हाइकाची पऱ्हाटी वाचली, कारन कार्ड एकाच्या घरी आलं अन् वाचलं साऱ्या गावानं.

रहेमतुल्लाभाईनं त्याच हप्त्यात खन बोटभर रुंद केले. पुन्हा कधी कार्ड कापलं नाही. अन् शेवटच्या स्वातीच्या खनात त्यानं माझ्याकडून एक जास्तीचा पुठ्ठा लिहून घेतला: डब्ब्याले डाग देणे, रहेमतुल्लाभाईले बलावणे. पत्रा हाये, गंजते, दर साली पाहा लागते, असं त्याचं म्हननं. अकरा साल स्वाती लागली का पुठ्ठा वर यायचा, मी निरोप धाडायची, तो शेगडी घेऊन यायचा, डाग द्याचा, चहा घ्याचा अन् जायचा. या अकरा सालात मी त्याले एकदाबी म्हटलं नाही, का भाई, तुमच्यामुळं माझ्या पोरी शिकल्या, त्याह्यची लग्नं झाली, मी कोनाच्या वावरात गेली नाही. वाटे, हे काय सांगाचं, त्याले दिसतेच हाये.

वैशाखात तो गेला. मी त्याच्या घरी जाऊन आली. मंग रोहिन्या लागल्या, हंगाम आला, मी कामात बुडाली.

परवा स्वाती लागली. सवयीनं खन उघडला, तं पुठ्ठा हातात आला. रहेमतुल्लाभाईले बलावणे. डब्ब्याले काय ठाऊक मानूस मेला ते? त्याचं काम सांगनं, त्यानं सांगतलं. गरज सरो, वैद्य मरो म्हनतात लोकं. इथं गरज सरलीच नव्हती, अन् वैद्य मात्र गेला होता. मी गिऱ्हाइकासमोरच रडली. लाज नाही वाटली.

मंग म्हटलं, डब्बा म्हनते बलवा, आपुन आजवर बलावतच आलो, आज आपुन जाऊ. डब्बा डोक्यावर घेतला अन् गल्लीत गेली. शेगडीपुढं त्याची पोरगी नसीमा बसली होती. लहानपनापासून बापाचा भाता तिनंच ओढला, आता कामबी तीच करते. भिंतीले सातही खिळे तसेच, कंदील टांगलेले. तिनं डब्बा उलटा केला, बुडाले बोट लावून पाह्यलं अन् कथील गरम कराले ठेवलं. मी तिथंच बसून तिले सारं सांगतलं. जे बापाले सांगाचं राह्यलं होतं, ते लेकीले सांगतलं.

नसीमा डाग देता देता म्हने, "अब्बालेबी ठाऊक होतं, चार कोपरे कापले तरी लोकं मयतच समजतीन. मी इचारलं होतं त्याह्यले, मंग कापले काऊन?"

मी तिच्याकडं पाह्यलं.

"म्हने, आठ महिन्यांनी भाभी पहिल्यांदा हसली होती. कात्री थांबवाची माझी हिंमत झाली नाही."

डाग थंड झाला. तिनं पानी टाकून पाह्यलं, एक थेंब गळला नाही. मी डब्बा घरी आनला अन् पुठ्ठा स्वातीच्या खनात ठेवला. नाव खोडलं नाही.