दर दोन मिनिटांनी थांबणारा पिक्चर

दिवाळीला लेक तन्वी गोव्यातल्या पर्वरीहून आली ती गाडीच्या मागच्या सीटवर टीव्ही आडवा घालूनच. इतका मोठा, की जावई धनेशने आणि शेजारच्या ओमकारने मिळून तो पडवीतून आत घेतला तेव्हा दाराच्या चौकटीला बोटभर जागाही उरली नाही. जुन्या टीव्हीच्या जागी तो भिंतीवर चढला आणि आचऱ्याच्या त्या घरातल्या बाहेरच्या खोलीला एकाएकी थिएटरची कळा आली. नर्मदाकाकी ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. तोंडाने म्हणाल्या, "कित्याक इतको मोठो?" पण मनातून फार सुखावल्या होत्या.

नर्मदाकाकींचे माहेर फोंडाघाटचे. बापाचे चहा-भज्याचे हॉटेल. भातकापणी उरकली की तिथल्या रिकाम्या मळ्यात तंबूचा सिनेमा यायचा. तंबूचा मालक दोन्ही वेळा हॉटेलात जेवायचा आणि बदल्यात घरच्या पोरांना रोज फुकट आत सोडायचा. बायकांच्या बाजूला, मातीत पोते अंथरून नर्मदा बसायची ती शेवटची अक्षरे पडद्यावरून जाईपर्यंत हलायची नाही. शेजारणीने तोंड उघडले की तिला कोपर मारायची. एकदा पिक्चर अर्ध्यावर असताना वीज गेली, तंबू रिकामा झाला. ही मात्र अंधारात तासभर तशीच बसून राहिली. कथा अर्धी टाकून उठणे तिला जमायचेच नाही.

विसाव्या वर्षी लग्न होऊन ती आचऱ्याला आली. नवरा एसटीत कंडक्टर. सगळे त्याला दाजी म्हणत. एकतीस वर्षे मालवण-आचरा-कणकवली हाच त्याचा रस्ता, आणि त्या रस्त्यावरचा प्रत्येक चेहरा त्याला पाठ. कोणाची लेक कुठे दिली, कोण कुठल्या फाट्यावर उतरणार, हे तो तिकीट मागायच्या आधीच सांगायचा. घरी मात्र ही हुशारी जड जायची. टीव्हीवर काही लागले की दाजींचे बोलणे सुरू. हा नट त्याचा भाऊ, ही जागा अमक्या घाटातली. नर्मदाकाकी ऐकून न ऐकल्यासारखे करायच्या. चाळीस वर्षांत बाईला तेवढी युक्ती येतेच.

नव्या टीव्हीने त्या युक्तीचेही मातेरे केले.

झाले असे, की धनेशने जाताना सासऱ्याला रिमोट शिकवला. टीव्हीत सिनेमांचे एक दुकानच होते म्हणायचे, हवा तो पिक्चर निवडावा. आणि पिक्चर चालू असताना वरचे बटण दाबले की चित्र जागच्या जागी थांबे. डाव्या बाजूला त्या क्षणी पडद्यावर असलेल्या माणसांचे फोटो येत. खाली नटाचे नाव, त्याखाली गोष्टीतल्या पात्राचे नाव आणि ते कोणाचे कोण लागते तेही, सगळे मराठीत. आणखी एक बटण दाबले की दिग्दर्शक स्वतः बोलायला लागे, हा प्रसंग कुठे घेतला, पाऊस खरा की खोटा. कापून टाकलेले प्रसंग वेगळे. मधेच प्रश्न विचारणारी एक पाटीसुद्धा होती, अचूक उत्तर दिले की टाळ्या वाजत.

"बाबा, आता तुमी पिच्चर नुसतो बघूचो नाय, त्येच्याशी बोलूचो," धनेश म्हणाला.

दाजींनी बटण दाबून पाहिले. मग पुन्हा दाबले. त्यांचा चेहरा असा उजळला, की नर्मदाकाकींना कौतुकच वाटले. गेली दोन वर्षे दाजी कशातच रमत नव्हते.

दोन वर्षांमागे ते न्हाणीत घसरून पडले होते. हाड मोडले नाही, पण तेव्हापासून माणूस घराला चिकटला, आणि आपल्याबरोबर बायकोलाही चिकटवून घेतले. नर्मदाकाकी आधी सोमवारी देवळात भजनाला जात. बचत गटात कोकमाचे आगळ करायला जात. रश्मी म्हणून शेजारची तरुण सून होती, तिच्याबरोबर आठवड्याचा बाजार करून येत. एकेक करून सगळे सुटले. पायात चप्पल घातली की आतून हाक यायची, "खंय चललंस?"

"विहिरीर."

"बेगीन ये."

विहीर अंगणातल्या खळ्याच्या टोकाला. दोन कळशा भरेपर्यंत दाजी पडवीत येऊन उभे. कोणी पाहुणा आला की दाजींनी त्याच्याजवळ बसायचे आणि नर्मदाकाकींनीही तिथेच बसायचे. चहा ठेवायला आत गेल्या तर दाजी बोलणेच बंद करत. लोक म्हणत, म्हातारपणी दाजींना बायकोचा लळा लागला. नर्मदाकाकी हसत, आणि आत जाऊन चुलीवरचे भांडे जरा जोरात आपटत.

तेव्हा या कोंडलेल्या दिवसांत रोज संध्याकाळी एक पिक्चर, एवढे तरी मिळेल असे त्यांना वाटले होते.

पहिल्याच आठवड्यात एक पिक्चर लागला. इंदू नावाची नर्स आपल्या हरवलेल्या भावाला शोधत डोंगरातल्या एका गावात जाते. तिथे एक लाकडाच्या वखारीचा मालक आणि एक वनखात्याचा साहेब. दोघांनाही भावाविषयी काही ठाऊक असते आणि दोघेही लपवत असतात. नर्मदाकाकी दहा मिनिटांत इंदूच्या मागोमाग त्या गावात पोचल्या होत्या. इंदूने वखारीचे दार ढकलले.

चित्र थांबले. दाजींनी फोटो बघितले, नावे वाचली. "हां," म्हणाले, आणि पुढे चालू केले.

इंदू चार पावले आत गेली. चित्र थांबले.

"आता काय झाला?"

"थांब गो. बघूंक होया मा कोण कोण आसत ते."

"आताच बघलात मा?"

"ता मगाशी."

दर दोन मिनिटांनी हेच. इंदू रडायला लागली की तिच्या अश्रूंवर नावांची पाटी. वादळ सुरू झाले की दिग्दर्शकाचा आवाज, पंखा कुठे लावला होता ते सांगणारा. दोन तासांचा पिक्चर जेवणवेळेपर्यंत अर्धाही झाला नाही. दुसऱ्या दिवशी दाजींनी तो पुन्हा पहिल्यापासून लावला. तिसऱ्या दिवशीही पहिल्यापासूनच. महिनाभर नर्मदाकाकी रोज त्या वखारीच्या दाराशी जात आणि तिथेच अडकत. आपलेही असेच चालले आहे, असे त्यांच्या मनात येई. उंबऱ्यापर्यंत जायचे, आणि मागून हाक.

तन्वीच्या फोनवर त्यांनी एकदा तक्रार केली. तन्वी हसली. "आई, हल्ली नुसतो पिच्चर कोण बघता? तेतूच तर मजा आसा."

"मजा बटनाक येता. माका खंय?"

पुढच्या शुक्रवारी त्यांनी बेत केला. दुपारी दाजी निजले असताना रिमोटच्या मागचे झाकण काढून दोन्ही सेल पदराला बांधले. संध्याकाळी सेल घालून स्वतः पिक्चर लावला, मग सेल पुन्हा काढून घेतले आणि रिमोट दाजींच्या हातात दिला.

दाजींनी वरचे बटण दाबले. इंदू चालतच राहिली.

"रिमोट बिघाडलो वाटता," नर्मदाकाकी पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "उद्या ओमकाराक दाखवया. आज असोच बघा."

आणि पिक्चर सुरळीत चालू लागला. दार उघडले, इंदू आत गेली, वखारीतल्या भुश्शाच्या ढिगापलीकडून कोणी तरी बोलले. नर्मदाकाकी त्या गोष्टीत अशा ओढल्या गेल्या, की शेजारी दाजी बसले आहेत याचाही त्यांना विसर पडला. कितीतरी वर्षांनी त्या घराबाहेर पडल्या होत्या.

पाऊण तास गेला असेल. दाजींनी त्यांच्या दंडाला हात लावला.

"ह्यो कोण?"

"वखारीचो मालक."

थोड्या वेळाने पुन्हा, "ह्यो कोण गो?"

"तोच तो, मालक. गप बघा."

मग पडद्यावर एकटी इंदू होती. खिडकीशी बसून पत्र वाचत होती. दाजी म्हणाले, "आनी ह्या बाय कोण?"

नर्मदाकाकींना राग आला. बटण चालेना म्हणून मुद्दाम छळतात, असे वाटून त्या वळल्या. "पाऊण तास बघतास आनी इंदू कळणा नाय? माझी थट्टा करतास?"

दाजी थट्टा करत नव्हते. खुर्चीच्या हातांना त्यांनी घट्ट धरले होते. कपाळावर घाम होता. एसटी घाटात मागे घसरत असताना आत बसलेल्या माणसाचे व्हावेत तसे त्यांचे डोळे झाले होते.

"माका कळणा नाय," ते म्हणाले. "सगळी माणसां सारकीच दिसतत."

"टीव्हीतली?"

दाजींनी पडद्याकडे पाहिले. टीव्हीवर इंदू पत्र वाचतच होती.

"सगळीच," दाजी म्हणाले.

नर्मदाकाकींनी उठून भिंतीवरचे बटण बंद केले. मग दाजींसमोर पाटावर बसल्या आणि गेल्या दोन वर्षांतली एकेक गोष्ट त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळीच उलगडू लागली. चतुर्थीला चुलतदीर गंगाराम आले तेव्हा दाजी नुसतेच "या, या, बसा" म्हणत राहिले होते. नर्मदाकाकींनी आतून येऊन, "गंगारामभावजी, चाय घेतल्यात?" असे विचारल्यावरच दाजींना कंठ फुटला, मग गंगाराम, गंगाराम करून गप्पांना ऊत आला. धनेशला ते दिवसभर "पावणे" म्हणत होते. रश्मी मासे घेऊन दारात आली की, "गो, कोण इला बघ," म्हणून हाक मारत, आणि नर्मदाकाकी येऊन तिचे नाव घेईपर्यंत वर्तमानपत्रात तोंड घालून बसत.

लळा नव्हता तो. आपण बाजूला नसलो तर या माणसाला नावे सांगणारे कोणी उरत नव्हते. जे काम टीव्हीतले फोटो करत होते तेच त्या दोन वर्षे करत आल्या होत्या, न कळता.

"माका कित्याक सांगलात नाय?"

"काय सांगतलंय? येसटीचो कंडक्टर, आनी माणसां इसारलो?"

"माका वळाखतास मा?"

"तुझो आवाज वळाखतंय," दाजी म्हणाले. मग घाईने, "तोंड पण. तुझा तोंड वळाखतंय."

नर्मदाकाकींनी पदराची गाठ सोडली आणि सेल रिमोटमध्ये घातले. दाजींनी ते पाहिले आणि रिमोटसाठी हात पुढे केला.

पुढच्या आठवड्यात तन्वीने त्यांना कुडाळला एका डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाई तरुण होत्या, बोलायला मऊ. त्यांनी दाजींना चित्रे दाखवली, कागदावर घड्याळ काढायला लावले, उलटे आकडे म्हणायला सांगितले. दाजी ऑफिसातल्यासारखे शुद्ध मराठीत उत्तरे देत होते, "होय मॅडम, नाही मॅडम," आणि दर उत्तरापूर्वी नर्मदाकाकींकडे पाहत होते. नंतर डॉक्टरांनी तन्वीला आणि नर्मदाकाकींना वेगळे बसवले. मेंदूचा आजार आहे, हळूहळू वाढेल, गोळ्यांनी थोडा आळा बसेल.

"ओळखीची जागा, ओळखीचे आवाज, ठरलेला दिवस," डॉक्टर म्हणाल्या. "आणि यांना एकटं सोडू नका, काकी."

"किती दिवस?" नर्मदाकाकींनी विचारले.

"तसं नाही सांगता येत. कोणाला पाच वर्षं, कोणाला पंधरा."

डॉक्टरांना वाटले, बाई नवऱ्याच्या आयुष्याचे विचारते. नर्मदाकाकी स्वतःचे विचारत होत्या. गाडीत बसल्यावर त्यांना त्याची इतकी लाज वाटली, की घरापर्यंत त्या खिडकीबाहेरच बघत राहिल्या.

तन्वी म्हणाली, दोघेही पर्वरीला चला. दाजी ऐकूनच घाबरले. तिथे प्रत्येक मजल्यावर नवी तोंडे. रश्मी म्हणाली, सोमवारी मी बसेन त्यांच्याजवळ, तुम्ही भजनाला जा. एका सोमवारी नर्मदाकाकी गेल्याही. पहिला अभंग संपायच्या आधी ओमकार बोलवायला आला. दाजी रश्मीला घरात घेईनात. कोण परकी बाई घरात शिरली म्हणून दाराला कडी लावून आत बसले होते, आणि रश्मी बिचारी पडवीत रडत उभी होती. त्या दिवशी नर्मदाकाकी दाराबाहेरून म्हणाल्या, "मी इलंय," आणि दार लगेच उघडले. पुन्हा भजनाचे नाव त्यांनी काढले नाही. राग आला होता. दाजींवर काढावा तर त्यांचा दोष नव्हता, आणि दुसरे कोणी हाताशी नव्हते.

मात्र एक गोष्ट त्यांनी स्वतःकरता केली. दाजी जेवून दुपारी तीनपर्यंत निजत. त्या वेळात आवाज अगदी बारीक ठेवून त्यांनी इंदूचा पिक्चर लावला, बटणाला हात न लावता. तीन दुपारींत तो संपला. भाऊ सापडला. तो हरवलेला नव्हताच, दुसऱ्या गावात संसार मांडून सुखाने राहत होता आणि त्याला परत यायचे नव्हते. इंदू एकटीच गाडीत बसून निघाली. शेवटची अक्षरे वर सरकत होती आणि नर्मदाकाकी भिंतीला टेकून रडत होत्या. इंदूसाठी थोडे, आणि भाऊ खुशाल निघून गेला याच्या रागाने जास्त. बरे वाटले. पण शेवट सांगावा तर घरात ऐकणारे कोणी नव्हते. दाजींना पिक्चर अजून पहिल्या दारापाशीच ठाऊक होता.

एका संध्याकाळी तन्वीचा फोन आला. दाजी खुर्चीत, टीव्ही चालू.

"आई, धनेश विचारता, ती बटनां बंद करून टाकूया? मगे पिच्चर सरळ चलात. तुका तेंचो त्रासच होता मा? खरा सांग, तेणी पिच्चर बरो होता काय?"

"नाय गो. बिघाडता," नर्मदाकाकी म्हणाल्या. "माणूस गोष्टीत रमलो काय खेचून भायर काढतत. पण ऱ्हवां दे ती."

"बाबांसाठी?"

"तितको येळ ते माका विचारणत नाय. मी जेवण करतंय, भांडी घासतंय. ऱ्हवां दे."

पडद्यावर वखारीचे दार उघडले. दाजींचे बोट बटण चाचपडू लागले, ते सापडेना. नर्मदाकाकींनी फोन कानाशी खांद्याने दाबून धरला, वाकून रिमोट घेतला आणि वरचे बटण दाबून दिले. दाजी फोटोंखालची नावे एकेक करून मोठ्याने वाचू लागले, आणि नर्मदाकाकी पुढच्या दोन मिनिटांसाठी स्वयंपाकघरात गेल्या.