काठावरची नखं

आमच्या सासूबाई भांडायला बसल्या की शेजारी कामधंदा सोडून ऐकतात. चाकावर बसल्या की मात्र चकार शब्द नाही. मडकं वाकडं उतरलं तर ओल्या काठावर अंगठ्याच्या नखाने गोल ओळीने खुणा करायच्या. माती वाया घालवायची नाही म्हणून तेही भाजायचं, पण विकायचं नाही. ते आमच्या वाट्याचं. त्यांच्या सासूने लावलेली ही शिस्त.

टेकडीपलीकडे पुरातत्त्व खात्याचे लोक मातीखालचं जुनं गाव खणत होते. तिथल्या मोठ्या बाई एकदा खापरं घेऊन घरी आल्या. काठाला तशीच नखं. "असं अजून कुणी करतं का?"

आत एक भांडं सरळ असेल तर शपथ. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी स्वयंपाकघराचा पडदा ओढला आणि पाणी शेजारणीच्या काचेच्या पेल्यांत दिलं. सासूबाईंनी तो पडदा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आम्हीच करतो. नक्षी आहे ती. मोठ्या घरची गिऱ्हाइकं मागतात."

पुढे खोदकाम बघायला लोकांना सोडू लागले. आम्हीही गेलो. एका घराच्या पायाशी पाटी होती. सासूबाई म्हणाल्या, वाच. मी वाचलं, "घरातली सर्व भांडी नक्षीदार. इथे श्रीमंत कुटुंब राहत असावं."

परतल्यावर दारातच सासूबाई म्हणाल्या, "अगं, आपल्यासारखंच घर ते. तिथल्या बाईने चांगलं सगळं विकलं, वाकडं घरात ठेवलं. आणि मी माझी लाज झाकायला तिला शेठाणी करून बसले. तिचे कष्ट कुणाला दिसायचे आता?"

सकाळी त्यांनी आमचा पाण्याचा माठ रिकामा केला नि कमरेवर घेतला. मी म्हटलं, "अहो, निदान भट्टीतला नवा तरी न्या."

"चांगल्यावर नखं कुठून आणू?"

मीही मागोमाग खोदकामावर गेले. तिथल्या बाईंच्या टेबलावर माठ डगमगला. बाईंनी तो हाताने धरला. सासूबाई खाली बघत बोलल्या, "मी खोटं सांगितलं. नक्षी नाही ही, बिघडलेल्याची खूण आहे. असं विकत नाही, घरात वापरतो."

"घरात सगळी अशीच?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. कधी कुणापुढे न झुकलेली बाई, तिचे डोळे भरले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सगळी," मी म्हटलं. "बघायला या."

बाई संध्याकाळी आल्या. पडदा सासूबाईंनीच बाजूला केला आणि एकेक भांडं त्यांच्या हातात दिलं. मी चुलीकडे तोंड करून उभी होते.