खालच्या अंगाचा भुईमूग

शेतात मांडलेल्या वाट्यांचा फोटो पाहून तुम्ही सगळे हसलात. माझा त्या दिवसाचा राग मात्र अजून गेलेला नाही.

पिंगळीच्या रानात यंदा उन्हाळी भुईमूग आहे. विहिरीजवळचा हिरवागार, खालच्या अंगाचा माना टाकलेला. फुलांतून जमिनीकडे आऱ्या सुटायच्या दिवसांत माती ओली नसली तर त्या आत शिरत नाहीत आणि शेंग धरत नाही. तुमच्या धाकट्या आजोबांचं, म्हणजे माझ्या दिरांचं, उत्तर ठरलेलं: पाणी कमी आहे, बोअर घ्या. माझं म्हणणं, पाणी पुरेसं आहे, ते सारखं पडत नाही. तुषार सिंचनाच्या तोट्या हरवतील तशा, बाजारात मिळतील त्या मापाच्या आणून बसवलेल्या. मोठ्या भोकांच्या तोट्या वरच्या अंगालाच सगळं पाणी ओतून मोकळ्या होतात.

म्हणून एकाच मापाच्या स्टीलच्या वाट्या मी वरपासून खालपर्यंत मांडल्या, मोटार सुरू करायला लावली आणि जेवायला घरी गेले. परत येऊन फूटपट्टी बुडवली, तर सगळ्या वाट्या जवळपास सारख्याच भरलेल्या!

"बघा वैनी, सारखंच पडायलंय की पाणी. उगं घरातल्या वाट्या उन्हात तापवल्या," म्हणत दिरांनी बोअरची गाडी सांगायला फोन काढला.

तेवढ्यात त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ, रिकामी कळशी घेऊन बांधावरून आली.

"ताई, खालच्या वाट्यांत घोटभर पाणी नव्हतं. पाखरं काय पितील? म्या भरून टाकल्या."

तिच्या अंगणातल्या लिंबाला उन्हाळाभर पाण्याची वाटी टांगलेली असते. तिच्यावर ओरडणार तरी कशी? तरी ओरडलेच.

"अगं, मी पाणी मोजत होते!"

"मग सांगायचं न्हाई का? मला काय सपान पडतंय?"

मी दिरांकडे वळले. "ऐकलंत ना? खाली पाणी पोचतच नाही."

"तेच तर म्हणायलोय मी! पाणी कमी हाय. बोअर लागतंच."

मी पाना मागून घेतला, सगळ्या तोट्या काढून पिशवीत भरल्या आणि एका मापाच्या आणायला परभणीच्या ऑटोत बसले. दीर मागून ओरडत होते, "वैनी, आता भिजवू कशानं?" ओरडू देत. आमचं भांडण मिटेपर्यंत आऱ्या काही थांबणार नव्हत्या.